सातवीच्या बाईचं काम एक मेला संपत नाही

पत्र:

बाई, नमस्कार. मी नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत शिकवते. आमची शाळा सातवीपर्यंतच आहे. यंदाची सातवी पाचवीपासून माझ्याकडेच होती, आणि माझ्या हाताखालून बाहेर पडणारी ही पहिलीच तुकडी. परीक्षा आटोपली, पेपर तपासून झाले, एक मेला निकाल. आठ दिवस झाले, कशातच मन लागत नाही. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, "नवीन आहेस, होईल सवय. इतका जीव लावायचा नसतो." मुलं वहीत सही मागतात, फोन नंबर मागतात. मी मात्र रात्री विचार करत बसते, की एवढ्या दिवसांत मी यांना दिलं काय? अर्ध्या वर्गाला अजून अपूर्णांकांची बेरीज धड येत नाही.

त्यात परवा एका मुलीची आई भेटायला आली. मुलगी अबोल आहे, मार्क बेताचे, ५८ टक्क्यांच्या आसपास. पण व्यवहाराला पक्की. स्नेहसंमेलनाच्या वर्गणीचा हिशेब तिनंच ठेवला होता. आई म्हणाली, "मॅडम, इले औंदा नापास करून टाका. अजून एक वर्ष तुमच्यापाशी राहीन. आठवीची शाळा लांब आहे, हिचे बाबा पाठवाले तयार नाहीत." मला उत्तरच सुचलं नाही. तिच्या आईला काय सांगू? आणि प्रगतीपुस्तकात काय लिहू?
– एक वर्गशिक्षिका, नागपूर

उत्तर:

तुझं मन लागत नाही, अपूर्णांक राहिले, मुलं नंबर मागतात, या सगळ्यावर बोलू. पण पत्रातली खरी निकड तू शेवटी लिहिली आहेस, म्हणून मी तिथूनच सुरू करते. बाकीचं चार दिवस थांबलं तरी बिघडत नाही.

तिला नापास करणं तुझ्या हातात नाही, मुख्याध्यापकांच्याही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला त्याच वर्गात बसवून ठेवायला बंदी घातली. २०१९ मध्ये केंद्रानं त्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रानं पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणली. त्यात अडकलेल्या मुलाला पुरवणी परीक्षा, आणि तीही नाही जमली तर तोच वर्ग पुन्हा. सहावी-सातवीला यातलं काही लागू नाही. शिवाय ५८ टक्केवाल्या मुलीला नापास दाखवायला कुठला मुख्याध्यापक सही करेल? हे आईला सरळ सांगून टाक. नाहीतर ती आशेवर राहील, कुणाकुणाची चिठ्ठी आणत बसेल आणि त्यात मे महिना निघून जाईल.

पण तिनं मागितलं काय, ते नीट ऐक. "नापास करा" म्हणणारी ही बाई शिक्षणाला कंटाळलेली नाही. कंटाळली असती तर ती उन्हातून तुझ्याकडे आलीच नसती. दाखला आणायला जूनमध्ये कुणाला तरी पाठवलं असतं आणि विषय तिथंच मिटला असता. तिला एक वर्षाची मुदत हवी आहे. घरात नवऱ्याशी या गोष्टीवरून बोलणं झालेलं आहे, त्यात तिचं चाललेलं नाही. मग जिथं लेक सुखरूप जाते-येते हे तिला माहीत आहे, तिथंच ती अजून वर्षभर राहावी, एवढंच तिच्या मनात आलं. तिचा भरवसा तुझ्यावर आहे, पुढच्या शाळेवर अजून बसलेला नाही. तो बसवून देणं हे तुझं या महिन्यातलं काम.

कायद्यानं प्राथमिक शिक्षण आठवीपर्यंत म्हटलं असलं तरी आपल्याकडच्या कितीतरी शाळा अजून सातवीलाच संपतात. आणि विदर्भात ही मधली फट जरा जास्तच रुंद आहे. राज्यातल्या बाकी शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आपल्या मात्र उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे जातात. २०२५ मध्ये २३ जूनला उघडल्या. म्हणजे एक मेपासून सात-आठ आठवडे ही मुलगी कुठल्याच शाळेची नसते. तुझ्या पटावरून गेलेली आणि पुढच्या पटावर न चढलेली. या दिवसांत लग्नसराई असते. कुणी मामाच्या गावाला, भंडारा-गोंदियाकडे, तेंदूपत्त्याच्या हंगामाला जातं. कुणाच्या आईला धुणीभांड्याची दोन घरं वाढवून मिळतात आणि ती लेकीला हाताशी घेते. कुणाकडे धाकट्याला सांभाळायला माणूस लागतं. शाळा सोडायची असं कुणीही ठरवत नाही. जून येतो, ॲडमिशन राहून जाते, जुलैत "आता पुढच्या वर्षी पाहू" होतं, आणि पुढच्या वर्षी ती आपल्या धाकट्या भावाला शाळेत सोडायला येते.

म्हणून निकालाच्या आधीच तिच्या घरी जा. शाळेत बोलावू नकोस. शाळेत आईच येईल, आणि निर्णय तिच्या हातात नाही हे तिनंच तुला सांगितलं आहे. बाबा घरी असतील अशा वेळी, ऊन उतरल्यावर, आणि एकटी नको. एखाद्या मॅडमना सोबत घे. उपदेश करायला जाऊ नकोस. मुलगी शिकली, प्रगती झाली हे त्यांनी भिंतीवर रोज वाचलेलं आहे. बसायला खुर्ची देतील, पाणी देतील, ते घे, आणि आधी बाबांना बोलू दे.

ते म्हणतील, शाळा लांब आहे. तर लांब म्हणजे किती, हे तू आधी स्वतः मोजून ठेवलेलं असू दे. सहावी ते आठवीच्या मुलांना शाळा तीन किलोमीटरच्या आत मिळावी असं राज्याचे नियम सांगतात. बहुतेकदा घरच्यांनी एकाच हायस्कुलाचं नाव ऐकलेलं असतं, शेजारचा मुलगा जातो ते. त्याहून जवळ आठवी असलेली मनपाची किंवा अनुदानित शाळा आहे का, ते चार फोन करून कळतं.

मात्र माझं मत विचारशील तर भांडण अंतराचं कमी आणि सोबतीचं जास्त असतं. बाप "लांब आहे" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर किलोमीटर नसतात, वाटेतला पानठेला असतो. तिथं उभे राहणारे पोट्टे त्याला चेहऱ्यानिशी माहीत असतात. त्याची भीती खोटी नाही, तिला हसू नकोस आणि "जमाना बदलला आहे" असंही म्हणू नकोस. तुझं हजेरीपत्रक काढ आणि त्याच वस्तीतून येणाऱ्या बाकी मुली कोण, त्या आठवीला कुठं चालल्या आहेत, ते पाहा. त्याच हायस्कुलात आधीपासून नववी-दहावीला असलेली एखादी ताई त्या गल्लीत असतेच. आमच्या शाळेतून एका वर्षी एकाच गल्लीतल्या चार मुली आठवीला एकत्र गेल्या, कारण त्यांच्या चारही आयांना आम्ही एका ओट्यावर बसवून बोललो होतो. सायकली दोनच होत्या, डबलसीट जायच्या. वेगवेगळं बोललो असतो तर चारही घरांतून "लांब आहे" हेच उत्तर आलं असतं. सायकल नसेल तर शहर बसचा विद्यार्थी पास आहे. (हे सदर गावाकडचे शिक्षकही वाचतात, त्यांच्यासाठी: एसटीचा मुलींचा मोफत पास अहिल्यादेवी होळकर योजनेत मिळतो, तो अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यातच तयार ठेवा.)

इथं एक आपल्याकडची गंमत सांगते. गंमत कसली, लाजच आहे. तुझ्या शाळेच्या फाटकाशी एप्रिलमध्ये डोक्याला रुमाल, तोंडाला स्कार्फ बांधलेले हायस्कुलाचे सर-मॅडम घुटमळताना तू पाहिले असतील. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, पद जातं, म्हणून आठवीसाठी मुलं शोधत दारोदार फिरणं हा विदर्भातल्या अनुदानित शाळांमधल्या कितीतरी शिक्षकांचा उन्हाळ्याचा उद्योग होऊन बसला आहे. कुणी दप्तर देऊ करतं, कुणी ऑटोचे पैसे आपल्या पगारातून भरतं. मला हे अजिबात आवडत नाही. शिक्षकाला भर उन्हात मुलं मागत फिरावं लागतं, याची ज्यांना लाज वाटायला हवी ते एसीत बसलेले असतात. पण या पोरीसाठी त्यांचा उपयोग करून घे. वर्गाची यादी आणि पालकांचे नंबर त्यांच्या हातात देऊ नकोस, ते योग्य नाही. मुख्याध्यापकांना विचारून एवढंच म्हण, की अमुक वस्तीतून पाच मुली येऊ शकतात, ऑटोचं किंवा ने-आणीचं काय ते पालकांच्या घरी येऊन, त्यांच्या तोंडावर सांगा. तोंडावर दिलेला शब्द वर्षभर टिकण्याची शक्यता जास्त.

आता पैसे. पुष्कळ पालकांची समजूत अशी, की "हायस्कूल" म्हटलं की फी सुरू झाली. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. आठवीपर्यंत पुस्तकं शासनाकडून मिळतात, दुपारची खिचडीसुद्धा आठवीपर्यंत आहे. वह्या, गणवेश, जाण्या-येण्याचा खर्च लागेल, तो लपवू नकोस. पण आठवीचं वर्ष सातवीपेक्षा फार महाग नाही हे बाबांना एकदा आकडे मांडून कळू दे.

आणि जी गोष्ट तू लिहिलीस पण तुझ्या लक्षात आली नाही, ती ही: ५८ टक्के. आठवीत असताना एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा देता येते. तिला बसायला सातवीत किमान ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५०. म्हणजे ही "बेताच्या मार्कांची" मुलगी त्या परीक्षेला पात्र आहे. पेपर दोन असतात, एक बौद्धिक क्षमतेचा आणि एक शालेय विषयांचा, प्रत्येकी ९० प्रश्न. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि मूल शासकीय, मनपाच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,०००. निवड होईलच असा शब्द मात्र देऊ नकोस, जागा मोजक्या असतात. पण हिशेबाला पक्की असलेली मुलगी बौद्धिक क्षमतेच्या पेपरात चमकू शकते, हे तू बाबांना मनापासून सांगू शकतेस. आणि आईला हेही सांग, की नापास केलं असतं तर येत्या वर्षी हेच दार बंद झालं असतं.

बोलण्यात मुलीच्या लग्नाची कुजबुज ऐकू आली, तर तिथं वाद घालू नकोस. घरून निघ, मुख्याध्यापकांना सांग आणि १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन कर. त्या नंबरवर कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं.

आता दाखला. निरोप समारंभाची तयारी तुमच्याकडे चालू असेलच, समोसे, वेफर्स, मुलींच्या साड्या. होऊ दे. पण त्याच्या आधी एक दुपार दाखल्यांसाठी काढ. लिपिक शाळा सोडल्याचे दाखले लिहायला घेईल त्याच्याआधी जनरल रजिस्टर मागून घे, शेजारी मुलांच्या आधारच्या प्रती ठेव आणि एकेक नोंद बोट ठेवून वाच. मुलीचं नाव, वडिलांचं, आईचं, आडनाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ तालुका-जिल्ह्यासकट, जात, पोटजात. रजिस्टरात "मेसराम" आणि आधारवर "मेश्राम" असतं. जन्मतारीख अंकात २००० सालानंतरची आणि अक्षरात "एकोणीसशे" लिहिलेली असते, आणि इतकी वर्षं ते कुणी पाहिलेलं नसतं. नागपुरात तर एकाच घरातल्या दोन भावंडांच्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात एकीकडे "महार" आणि दुसरीकडे "बौद्ध" अशी नोंद सापडते. तिथं आपल्या मनानं काही करू नकोस. पालकांना बोलावून दाखव आणि त्यांच्या जुन्या कागदांवर काय आहे ते पाहून रीतसर अर्ज घे. आज या वेलांटीला कुणी विचारत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरताना आणि जात पडताळणीच्या वेळी तीच आडवी येते. मूल शाळेत आहे तोवर ही दुरुस्ती त्यामानानं सोपी असते. शाळा सुटली की शिक्षणाधिकारी कार्यालयाचे जिने.

दाखला हातात पडायला उशीर झाला म्हणून पुढच्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हेही आईला सांगून ठेव. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. ज्या शाळेत पुढचा वर्गच नाही, तिथून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्कही त्याच कलमात आहे. कुणी "आधी टीसी आणा" म्हणून परत पाठवलं तर तिनं घरी न बसता तुला कळवायचं.

प्रगतीपुस्तकाबद्दल विचारलंस. ५८ टक्के म्हणजे क-१. ५१ ते ६० ला क-१, हे तुला-मला पाठ आहे. बापाला मात्र कागदावर "क" दिसतो. "अ" नाही, "ब" नाही, "क". त्याच्या मनात जे आधीच आहे, त्याला हा एक कागदी पुरावा मिळतो. त्याखाली आपण काय लिहितो? "वर्गात शांत बसते." "शालेय उपक्रमांत आवडीने भाग घेते." "अधिक सरावाची गरज." हल्ली तर या नोंदींच्या तयार पीडीएफ शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतात, विषयवार, श्रेणीवार, नुसतं उतरवून काढायचं. ऐन एप्रिलमध्ये एवढ्या मुलांच्या नोंदी लिहायच्या म्हटल्यावर कोण काय करेल, मी दोष देत नाही. सगळ्यांसाठी नाही जमलं तर ज्या पाच-सहा मुलांचं पुढचं अधांतरी आहे, त्यांच्यासाठी तरी स्वतःचं वाक्य लिही.

हिच्यासाठी ते वाक्य तूच मला लिहून पाठवलं आहेस. "स्नेहसंमेलनाच्या वर्गणीचा जमाखर्च हिने एकटीने लिहिला व शेवटी रक्कम बरोबर जुळली. पैशाच्या व्यवहारात हिच्यावर विसंबता येते." बस, एवढंच. "गुणी", "होतकरू" वगैरे विशेषणं जोडू नकोस. ती लावली की वाक्य पुन्हा पीडीएफमधलं होतं. तिच्या बाबांचं काम काय ते तू लिहिलं नाहीस. भाजीचा ठेला असो, मिस्त्रीकाम असो, हिशेब कळणाऱ्या लेकीची किंमत त्यांना समजावून सांगावी लागत नाही. कदाचित ते म्हणतील, "मग बसेल दुकानावर." म्हणू दे, उलट बरंच झालं, बोलायला धागा मिळाला. आठवीच्या गणितात "सूट व कमिशन" आणि "चक्रवाढ व्याज" असे दोन धडे आहेत, पुस्तक सोबत ने आणि उघडून दाखव. व्याजानं पैसे उचललेल्या घराला चक्रवाढ व्याज काय असतं हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. ते लेकीला कागदावर मांडता येईल, हे ऐकून बाप गप्प बसतो असं मी पाहिलं आहे.

एक मेला ध्वजवंदनानंतर प्रगतीपुस्तकं वाटशील तेव्हा तिचं तेवढं मुलीच्या हातात देऊन मोकळी होऊ नकोस. आई-बाबा आले असतील तर तो शेरा त्यांना वाचून दाखव.

आता तुझे अपूर्णांक. "मी यांना दिलं काय" हा प्रश्न एप्रिलच्या रात्री विचारायचा नसतो, त्याचं उत्तर तेव्हा नेहमी "काही नाही" असंच येतं. विचारायचाच तर कागद समोर घेऊन विचार. पहिल्या घटक चाचणीचे पेपर कपाटात असतील, त्यातला एखादा आणि आताचा त्याच मुलाचा पेपर शेजारी-शेजारी ठेव. तेव्हा त्यानं लिहिलं असेल: १/२ + १/३ = २/५. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, झालं. आता त्यानं लिहिलं असेल: ३/६ + २/६ = ५/१२. उत्तर चूक, मार्क शून्य. पण मधल्या काळात त्या मुलाला छेद समान करायचा असतो हे कळलं, सहा कसा आणायचा हे कळलं, अंशही बरोबर बदलले. फक्त शेवटच्या पायरीवर जुनी सवय उसळली आणि त्यानं छेदांचीही बेरीज करून टाकली. मार्कांच्या यादीत हे दोन्ही पेपर सारखेच दिसतात. तू शिकवलं आहेस म्हणून तुला फरक दिसतो, आणि दुसऱ्या कुणालाही दिसणार नाही.

तो फरक पुढच्या गुरुजींपर्यंत पोचला पाहिजे. आपल्याकडे मूल शाळा बदलतं तेव्हा त्याच्याबरोबर दाखला जातो, टक्के जातात, पण "हा इथपर्यंत आला आहे आणि इथं अडला आहे" हे सांगणारं काहीच जात नाही. आठवीच्या सध्याच्या गणिताच्या पुस्तकात पहिलाच धडा "परिमेय व अपरिमेय संख्या" आहे. म्हणजे शाळा उघडल्याबरोबर पहिल्या आठवड्यात ही मुलं याच गाठीशी अडणार, आणि नवे सर म्हणणार, मागच्यांनी काही शिकवलंच नाही. तुझी मुलं तीन-चार हायस्कुलांत विखुरतील. प्रत्येक हायस्कुलासाठी एक साधा कागद कर: अमुक मुलाला छेद समान करता येतो, बेरजेत अडतो, अमुक मुलीला वाचताना जोडाक्षरं जड जातात, तोंडी विचारलं तर सगळं सांगते, अमक्याला फळ्यावरचं दिसत नाही, पुढं बसवा. नावामागे एक ओळ, फार तर दोन. "मस्तीखोर", "आळशी", "घरचं वातावरण ठीक नाही" असलं काही त्यात नको. स्वभावाचे शिक्के मागे राहू देत, मुलाला नव्या शाळेत कोरी पाटी मिळण्याचा हक्क आहे. मग तुझ्या मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तो कागद त्या-त्या शाळेच्या आठवीच्या वर्गशिक्षकाला दे, शक्य तर हातोहात. काही जण बाजूला ठेवतील. एखादे सर जुलैत फोन करून विचारतील, "मॅडम, तो पुढं बसवायचा मुलगा कोणता म्हणाला होता?"

राहता राहिलं तुझं मन. त्यातलं अर्धं तर एप्रिलचं आहे. बेचाळीस-त्रेचाळीसचा पारा, सकाळची शाळा, कूलरच्या वाऱ्यानं पेपर उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर डस्टर ठेवून केलेली तपासणी, निकालपत्रक, गोषवारा, सरल आणि यू-डायसवरची ऑनलाइन माहिती भरणं, त्यात वरून कुठली ड्यूटी लागली तर ती. निकाल दिल्यावर चार दिवस नुसती झोप, घरच्यांसोबत बसून आंब्याचा रस खा, मग पाहा किती शिल्लक राहतं. जे शिल्लक राहील ते खरं आहे, आणि ते राहू दे. "जीव लावू नको" म्हणणाऱ्यांकडे फार लक्ष देऊ नकोस. त्यांच्यातल्याच एखाद्या सरांना इतवारीत किंवा सक्करदऱ्याच्या बाजारात जुना विद्यार्थी भेटला, की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तासभर तोच विषय असतो.

वहीत सही दे, प्रत्येकाला. नंबर मुलांना देऊ नकोस, पालकांना दे, आणि मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढण्याच्या फंदात पडू नकोस. निरोप समारंभाचे मुलींचे फोटो स्टेटसवर ठेवू नकोस, कितीही गोड आले तरी.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा उघडेल तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या हायस्कुलाला फोन कर आणि ही मुलगी पटावर आली का, रोज बसते का, एवढं विचार. नसेल तर पुन्हा तिच्या घरी जा. तरीही जुलै सरत आला आणि ती कुठंच नसेल, तर केंद्रप्रमुखांना आणि मनपाच्या शिक्षण विभागाला लेखी कळव, म्हणजे शाळाबाह्य मुलांच्या यादीत तिचं नाव जाईल आणि वयानुसार वर्गात प्रवेश देण्याची जबाबदारी त्यांच्यावर येईल. कागदाची पोच घे. पण तेव्हा तुझ्यापुढे नवी पाचवी बसलेली असेल, कुणाला पाणी प्यायला जायचं असेल, कुणाचं दप्तर सापडत नसेल, आणि हा फोन राहून जाईल. म्हणून हे वाचून झालं की लगेच मोबाइलमध्ये तारीख टाकून आठवण लावून ठेव.